वृद्धाश्रमात पुढच्या उपचारांचं नियोजन सुरू करताय? या चुका टाळा

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी लिव्हिंग विलला, म्हणजे आपण बोलू शकणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची किचकट प्रक्रिया बरीच सुटसुटीत केली. गोव्यात मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल करून तिथे सुरुवात करून दिली. आता वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्रं चालवणारे लोक आपणहून विचारतात, आमच्याकडे हे कसं सुरू करायचं?

बहुतेक ठिकाणी सुरुवात अशी होते: वकिलाकडून नमुना आणायचा, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, फाईल ऑफिसच्या कपाटात ठेवायची. मग एका रात्री एखाद्या आजोबांना धाप लागते. ड्युटीवरच्या मावशींना कपाटाची किल्ली कुणाकडे असते हेही ठाऊक नसतं. त्या घाबरून १०८ ला फोन लावतात आणि ‘मला आयसीयूत ठेवू नका’ असं स्वच्छ लिहून दिलेला माणूस पहाटेपर्यंत व्हेंटिलेटरवर जातो. अशा वेळी खूप हळहळ वाटते, कारण हे टाळता येण्यासारखं असतं. रात्रपाळीच्या माणसाच्या हातात जे पोहोचतं, तेवढंच नियोजन खरं. खालच्या बऱ्याचशा चुका याच ठिकाणी येऊन मिळतात.

भरतीच्या दिवशीच सही

माणूस नुकताच घर सोडून आलेला असतो. बॅग अजून उघडलेली नसते, मुलगा डिपॉझिटचा चेक लिहीत असतो, आणि त्याच गठ्ठ्यात हा कागद पुढे सरकतो. आजी-आजोबा एक तर न वाचता सही करतात, नाही तर ‘इथे मला मरायलाच आणलंय’ अशी समजूत करून घेतात. ती समजूत पुढे काही केल्या निघत नाही.

भरतीच्या वेळी फक्त दोन गोष्टी विचारा: अडीअडचणीला फोन कुणाला करायचा, आणि आधी काही लिहून ठेवलंय का. बाकी सगळं माणूस रुळल्यावर. ज्या सिस्टरशी किंवा समाजसेविकेशी त्यांचं सूत जुळलंय, तिनेच बोलावं. विश्वस्तांनी मुळीच बोलू नये, कारण आपली इथली जागा ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर कुणी मोकळं होत नाही.

सुरुवात ‘व्हेंटिलेटर हवा की नको’ इथून करू नका. ‘तुमच्या घरी कुणाचं मोठं आजारपण तुम्ही पाहिलंत का?’ या प्रश्नाने माणसं आपोआप बोलती होतात. एका आजींनी या प्रश्नावर आधी बराच वेळ नवऱ्याच्या स्वभावाबद्दल सांगितलं आणि मग म्हणाल्या, “त्यांच्या नाकात नळी घातली होती. ते ओढून काढायचे म्हणून दोन्ही हात पलंगाला बांधलेले. मला जेवण गेलं नाही तर नाही गेलं, पण हात बांधू नका.” कोणत्याही फॉर्मवर ‘हात बांधणे’ असा रकाना नसतो. म्हणून त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवायचं. पुढे आजी बोलू शकल्या नाहीत तर डॉक्टरांना आणि मुलांना हेच वाक्य उपयोगी पडेल. (पुढच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, नळीने अन्न दिल्यामुळे आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. उशीला टेकवून बसवून, चमच्याने जमेल तेवढं भरवणं हा पर्याय नेहमी सांगा. त्याला वेळ लागतो आणि माणूस लागतं, हेही खरं.)

‘शुभ बोल रे नाऱ्या’

विषयाला हात घातला की नातेवाईक म्हणतात, आईसमोर असलं काही बोलू नका, ती खचेल. आई खचत नाही. तिने नवरा, दीर, बहीण सगळ्यांना पोहोचवलेलं असतं, आणि पुष्कळदा तिने देहदानाचा किंवा नेत्रदानाचा अर्जही केव्हाच भरलेला असतो, तो मुलांनाच माहीत नसतो. नातेवाइकांची खरी भीती वेगळी असते: हे लिहिलं की आश्रमवाले औषधपाणी बंद करतील आणि आई लवकर जाईल. या भीतीला हसण्यावारी नेऊ नका, तिला सरळ उत्तर द्या. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात सहा नर्सिंग होमपैकी तीनमध्ये असा कार्यक्रम राबवून त्याचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. जिथे कार्यक्रम राबवला तिथे रुग्णालयात हलवण्याचं प्रमाण स्पष्ट कमी झालं, पण मृत्यूंच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

मुलांना विचारलं म्हणजे झालं

ही सर्रास होणारी चूक. फी मुलगा भरतो, म्हणून निर्णयही त्याचाच असं गृहीत धरलं जातं. माणूस स्वतः समजून सांगू शकतो तोवर त्याचाच शब्द अखेरचा. डिमेन्शियाचं निदान झालं म्हणून सगळं संपलं असंही नसतं. पुष्कळांचं डोकं सकाळी चहा-नाश्त्यानंतर स्वच्छ असतं आणि संध्याकाळी गोंधळतं. तेव्हा सकाळी बसा, कानाचं यंत्र लावलंय ना ते पाहा, एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि दोन-तीन दिवसांनी तोच पुन्हा विचारा. उत्तर तेच आलं तर त्यावर विसंबता येतं.

मुलांमध्ये मतभेद असतील तर? पुण्यातली मुलगी रोज येते, तिला आईचे हाल बघवत नाहीत. ऑस्टिनमधला मुलगा फोनवर म्हणतो, “काय लागेल ते करा, पैशाचा विचार करू नका.” दोघांचंही आईवर प्रेम असतं. फक्त, मुलाने गेल्या वर्षातली आई पाहिलेली नसते. संकट येण्याआधीच आईला मध्ये बसवून व्हिडिओ कॉल करा आणि तिला स्वतः बोलू द्या. आईच्या तोंडून ऐकलेलं मुलगा मान्य करतो. तेच सिस्टरने सांगितलं तर त्याला संशय येतो. २०२३च्या बदलांनुसार लिव्हिंग विलमध्ये एकापेक्षा जास्त पालकांची (म्हणजे आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची) किंवा जवळच्या नातेवाइकांची नावं देता येतात. त्यात निदान एक नाव तासाभरात पोहोचू शकेल अशा माणसाचं असू द्या.

सगळ्यांना एकच शिक्का

कोविडच्या काळात इंग्लंडमध्ये काही केअर होममध्ये रहिवाशांना न विचारता सरसकट ‘सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न) करू नये’ असं नोंदवल्याच्या तक्रारी आल्या. तिथल्या केअर क्वालिटी कमिशनला (आरोग्य आणि शुश्रूषा सेवांवर देखरेख करणाऱ्या संस्थेला) चौकशी करावी लागली आणि मार्च २०२१ मध्ये त्याचा अहवाल आला. आपल्याकडेही ‘ऐंशीच्या वरचे सगळे’ अशी यादी करायचा मोह होतो. कृपा करून करू नका.

याच चुकीचं दुसरं रूप जास्त धोक्याचं आहे. ‘सीपीआर नको’ याचा अर्थ कर्मचारी ‘उपचार नको’ असा घेतात. मग लघवीच्या संसर्गाने ताप भरलेल्या आजी दोन दिवस तशाच पडून राहतात. सीपीआर नको म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबायची नाही, एवढंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. संसर्गाला प्रतिजैविक, बद्धकोष्ठतेला औषध, बेडसोरची मलमपट्टी हे सगळं चालूच राहतं. खुब्याचं हाड मोडलं तर आयुष्य वाढवण्यासाठी नसली, तरी वेदना थांबाव्यात म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. प्रत्येकाच्या कागदावर ‘काय करायचं नाही’ याच्या आधी ‘काय करायचं’ हे लिहा.

कायदा अर्धामुर्धा समजणे

दोन गोष्टींची गल्लत होते. एक, आश्रमातली उपचारांची योजना: संभाषणातून तयार झालेली, डॉक्टरांनी सही केलेली, केव्हाही बदलता येणारी. दुसरी, लिव्हिंग विल म्हणजे आगाऊ वैद्यकीय निर्देश. त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो, आणि प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. असे अधिकारी नेमले जावेत यासाठी महाराष्ट्रात मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले होते.

लिव्हिंग विल आहे म्हणून रुग्णालय लगेच व्हेंटिलेटर काढत नाही. आधी तिथलं प्राथमिक वैद्यकीय मंडळ, मग दुसरं मंडळ मत देतं. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यायचा असतो. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांना कळवलं जातं. नातेवाइकांना हे आधीच सांगा, नाहीतर ते रुग्णालयात भांडत बसतात. आणि इंजेक्शन देऊन मृत्यू आणणं भारतात गुन्हाच आहे, हेही स्पष्ट सांगा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधले आगाऊ निर्देश मानसिक आजाराच्या उपचारांपुरते असतात. तो फॉर्म इथे चालत नाही.

औषधांविना ‘दवाखान्यात नेऊ नका’

कागदावर ‘इथेच ठेवा’ असं लिहिलंय, पण आश्रमात पॅरासिटामॉलपलीकडे काही नाही. मग धाप लागलेल्या माणसाकडे सगळे नुसते बघत राहतात, आणि कुणाच्याही काळजाला ते सहन होत नाही. अशा वेळी मावशींनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली तर त्यांचं काय चुकलं? तोंडावाटे घेण्याच्या मॉर्फिनच्या छोट्या मात्रेने वेदना आणि धाप दोन्ही कमी होतात. २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायदा बदलून ते मिळणं सोपं झालं, तरी ते मान्यताप्राप्त संस्थेतूनच मिळतं. म्हणून आधी जवळच्या पॅलिएटिव्ह केअर (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) पथकाशी बोलणी करा. पुण्यात सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून काम करतंय. इतरत्र जिल्हा रुग्णालयात विचारा.

यातली एक गोष्ट हमखास विसरली जाते. रात्री तीनला मृत्यू झाला तर दाखला कोण देणार? रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी ४अ नमुन्यात कारणाचा दाखला लागतो आणि तो माणसाला आधीपासून तपासत असलेले डॉक्टर देतात. असा डॉक्टर ठरलेला नसेल तर व्यवस्थापक पोलिसांच्या धास्तीने शेवटच्या घटकेला माणसाला रुग्णालयात हलवतात. नियमित भेट देणारा एक डॉक्टर आणि त्यांच्या बदलीचा दुसरा, दोघांचे नंबर लिहून ठेवा.

रात्रपाळी वगळून प्रशिक्षण

प्रशिक्षण शनिवारी दुपारी ठेवलं जातं. रात्रपाळीच्या मावशी तेव्हा घरी झोपलेल्या असतात. त्यांच्यासाठी संध्याकाळी सातला, पाळी बदलताना, वेगळं बसा.

एकच पान करा. वर फोटो आणि हाक मारायचं नाव. खाली मोठ्या अक्षरांत तीन ओळी: धाप लागली तर काय, खाणं-पिणं बंद झालं तर काय, श्वास थांबला तर काय. मग फोन नंबर, ज्या क्रमाने लावायचे त्या क्रमाने. एक पान पलंगाजवळच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडणार नाही. दुसरं पान प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, माणसाला कुठेही हलवलं तरी ते त्याच्याबरोबर जाईल. मावशींना वाचता येत नसेल तर तोंडी पाठ करून घ्या. आणि त्यांना व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर शब्द द्यावा, की या कागदाप्रमाणे वागल्याबद्दल तुम्हाला कुणी बोल लावणार नाही. ही हमी मिळाल्याशिवाय प्रशिक्षणाचा फारसा उपयोग होत नाही.

एकदा लिहिलं की झालं. फॉर्म मोजले की झालं

माणसाचं मत बदलतं. रुग्णालयातून परत आल्यावर, पडल्यावर, वजन उतरू लागल्यावर, आणि काहीच घडलं नाही तरी वर्षातून एकदा पुन्हा विचारा. जुनं पान फाडून टाका. दोन पानं राहिली की रात्री नेमकं चुकीचं हातात येतं.

विश्वस्तांना अहवालात ‘इतके फॉर्म भरले’ असा आकडा आवडतो. त्याऐवजी प्रत्येक मृत्यूनंतर आठवड्याभरात, त्या रात्री ड्युटीवर कोण होतं त्यांना बोलावून बसा. गेलेल्या माणसाने सांगितलं होतं तसं झालं का, त्रास झाला का, कुठे अडलं, हे विचारा. एका ठिकाणी अशा बैठकीत कळलं की मॉर्फिनची बाटली होती, पण कुलूपबंद. दुसऱ्याच दिवशी किल्लीची एक प्रत रात्रीच्या सिस्टरकडे आली.