उबुंटूत एनव्हिडिया ड्रायव्हर आपोआप लोड होत नव्हता: माझा अनुभव

लक्षण: उबुंटू 22.04, फोंड्यातल्या एका शिकवणी वर्गाचा पीसी. ड्रायव्हर इन्स्टॉल झालेला, पण रीस्टार्टनंतर स्क्रीन कमी रिझोल्यूशनवर आणि 'एनव्हिडिया-एसएमआय' (ग्राफिक्स कार्डची स्थिती दाखवणारी कमांड) म्हणे ड्रायव्हरशी संपर्क होत नाही.

ड्रायव्हर दोनदा काढून घातला, नूवो (एनव्हिडिया कार्डासाठीचा मुक्त ड्रायव्हर) ब्लॅकलिस्ट केला, म्हणजे लोड होण्यापासून रोखला. दोन संध्याकाळी फुकट गेल्या.

खरं कारण 'मॉडप्रोब' (मॉड्यूल लोड करणारी कमांड) हाताने चालवल्यावर कळलं: सहीची चावी, म्हणजे 'की', नाकारली असा संदेश आला. म्हणजे मॉड्यूल (कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, लोड होणारा ड्रायव्हरचा भाग) तयार होतं. सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सहीचाच कोड चालू देणारं संरक्षण) चालू असल्याने कर्नल त्याची सही मानत नव्हता. डीकेएमएस (प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बांधणारी व्यवस्था) आपल्या मशीनवरच्या एमओके कीने (मशीनच्या मालकाची की) सही करतं, आणि ती की फर्मवेअरकडे नोंदवलेलीच नव्हती.

आधी 'मोकयुटिल' (एमओके की हाताळणारी कमांड) वापरून सिक्युअर बूटची स्थिती तपासा. मग सुडोने 'मोकयुटिल'चा इम्पोर्ट पर्याय चालवा. फाइल 'मोक डॉट डीईआर', ती व्हार, लिब, शिम-साइन्ड, मोक या फोल्डरांत सापडते. पासवर्ड मागेल, तो साधा अक्षर-अंकांचा ठेवा, कारण पुढच्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. रीस्टार्ट करा. निळी स्क्रीन आली की 10 सेकंदांत कुठलीही की दाबा, नाहीतर विनंती रद्द होते आणि इम्पोर्ट परत करावा लागतो. एनरोल एमओके, कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट.

आपल्याकडे पावसात वीज केव्हाही जाते, तेव्हा हे यूपीएसवरच करा.

सिक्युअर बूट बंद करूनही ड्रायव्हर चालतो, पण ते संरक्षण घालवू नये. कर्नल अपडेटनंतर हेच झालं तर त्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल्स) आहेत का, ते आधी बघा. की पुन्हा नोंदवावी लागत नाही.