औलीच्या लांब उतारावर संथ स्कीइंग करताना

पुण्याहून उत्तराखंडातील औलीला जाण्यापूर्वी महिनाभर तरी पर्वतीच्या पायऱ्या सावकाश उतरण्याचा सराव करावा. चढण्यापेक्षा उतरणे अधिक उपयोगी, कारण सुमारे 3 किलोमीटरच्या उतारावर मांड्यांना तसाच ताण सतत सोसावा लागतो. यंत्राने दाबून सारख्या केलेल्या बर्फावर सकाळी बारीक, कडक समांतर रेघा दिसतात, तर उन्हाने दुपारी तोच बर्फ मऊ आणि जड होतो.

वेग वाढला की नवशिका घाबरून मागे रेलतो आणि नेमका तिथेच ताबा सुटतो. नडग्या बुटांच्या पुढच्या भागाला टेकलेल्या ठेवाव्यात, नजर पायांशी न ठेवता दूर पुढे असावी, आणि वळताना भार हळूहळू बाहेरच्या स्कीवर द्यावा. वेग खरा आटोक्यात येतो तो वळणाच्या शेवटी, म्हणून स्की उताराला आडव्या होईपर्यंत वळण अर्धवट सोडू नये. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ याच सरावाला द्यावा.

पुढच्याला सांभाळण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची असते. थांबायचे असल्यास कडेला, वरून दिसेल अशाच जागी थांबावे, आणि मांड्या थरथरू लागल्यावर आणखी एक फेरी मारू नये.