एफवायला झूलॉजी घेतलंय? वर्गीकरणाचा धडा पाठ करायच्या आधी हे वाचा

पहिल्या सेमिस्टरला पोरं सगळ्यात जास्त कंटाळतात ती वर्गीकरणाला. पोरिफेरा, निडारिया, प्लॅटिहेल्मिंथिस... नावांची ही माळ बघूनच निम्मी जनता बॉटनीकडे बघायला लागते (तिकडे काय कमी नावं आहेत?). मी बीएस्सी, एमएस्सी दोन्ही झूलॉजीतून केलं आणि आता अकरावी-बारावीला शिकवते, माझं स्पष्ट मत आहे की नावं आधी पाठ करायला घेतलीत की हा धडा कायमचा डोक्याला ताप होतो.

आधी प्रश्न पक्के करा. शरीरात नुसत्या पेशी एकत्र नांदतायत की ऊती, अवयव आहेत? सममिती अरीय (चाकासारखी, मधल्या अक्षाभोवती) की द्विपार्श्व (डावी-उजवी बाजू सारखी)? भ्रूणात स्तर दोन की तीन? देहगुहा, म्हणजे आतडं आणि शरीराची भिंत यांमधली पोकळी, आहे का, असली तर खरी (भ्रूणाच्या मधल्या स्तराचं अस्तर सगळीकडून असलेली) का? शरीराचे खंड पडलेत का, आणि आयुष्यात कधीतरी पृष्ठरज्जू (पाठीला आधार देणारा लवचिक दांडा, नोटोकॉर्ड) असते का? आपल्या बोर्डाच्या दहावीच्या पुस्तकात हेच सगळं आहे, फक्त तेव्हा आपण ते मार्कांपुरतं वाचलेलं असतं. मग बघा, स्पंज पहिल्याच प्रश्नाला अडकतो, हायड्रा-जेलीफिश दोन स्तरांवर थांबतात, चपट्या कृमींना तीन स्तर असतात पण गुहाच नसते, गोलकृमींची गुहा खोटी, गांडुळाची खरी आणि वर खंडसुद्धा. असं विचारत गेलात की क्रम आपोआप लागतो.

डिसेक्शन आता कॉलेजात जवळपास बंदच झालंय, पण बाजारातून आणलेली कोळंबी सोलायला कुणाची परवानगी लागत नाही. डोक्यासकट घ्या, जरा मोठी. चालायच्या पायांच्या पाच जोड्या मोजा, पोटाखाली पोहायच्या अवयवांच्या पाच जोड्या, आणि प्रत्येक पाय सांध्यासांध्यात वाकतो ते बघा, संधिपाद म्हणजे काय ते तिथेच कळतं. मग पाठीवर चीर द्या. आई जो काळा दोरा ओढून टाकून देते ती आतडी. आता उलटी करा आणि पोटाच्या बाजूने हळूच मांस बाजूला करा, एक बारीक पांढुरकी दोरी दिसेल, ती चेतारज्जू (मज्जातंतूंची दोरी). म्हणजे कोळंबीची चेतारज्जू पोटाकडे आणि हृदय पाठीकडे. शेजारी बांगडा ठेवलात तर तिथे सगळं उलट, चेतारज्जू पाठीच्या कण्यात, हृदय खाली. जॉफ्रॉय सेंट-हिलेर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२२ मध्ये म्हटलं होतं की कवचधारी प्राण्याचा आराखडा म्हणजे उताणा केलेला पृष्ठवंशीय. लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. १९९० च्या दशकात फळमाशी आणि बेडकाचे जनुक तपासले तर पाठ-पोट ठरवणारी यंत्रणा दोघांत तीच निघाली, फक्त एकात पोटाकडे चालणारं काम दुसऱ्यात पाठीकडे!

दिसण्यावर मात्र जाऊ नका. कोकणात ओहोटीला खडकावर कालवं असतात आणि त्यांच्या बाजूलाच पांढरे, टोकाला भोक असलेले छोटे डोंगर चिकटलेले असतात, पायाला कापतात ते, ते बार्नॅकल. कवच आहे, जागचं हलत नाही, म्हणून क्युव्हिएसारख्या दिग्गज फ्रेंच प्राणीशास्त्रज्ञानेही त्यांना मृदुकायांत (गोगलगाय-शिंपल्यांच्या संघात) टाकलं होतं. १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन या निसर्गअभ्यासकाने त्यांच्या पिल्लांची निरीक्षणं छापली, तर ती पिल्लं पाय हलवत पोहणारी, खेकड्या-कोळंबीच्या भाईबंदांसारखी. म्हणजे हा प्राणी संधिपाद, डोकं खडकाला चिकटवून पायांनी अन्न तोंडात ओढणारा. पुढे डार्विनने याच प्राण्यांवर आठेक वर्षं घालवली. तारामाशाचंही तसंच, मोठेपणी पाच हातांचा अरीय, पण डिंभक (लार्व्हा, म्हणजे पिल्लाची अवस्था) द्विपार्श्व, आणि भ्रूणातल्या पहिल्या छिद्राचं गुदद्वार होतं, आपल्यासारखं. त्यामुळे ऑक्टोपस कितीही हुशार असला तरी नात्याने आपल्याला जवळचा तारामासाच. म्हणून प्रत्येक संघाचं डिंभक कसं असतं ते वाचाच, बरेच जण नेमकं तेच गाळतात.

अजून एक घोळ आधीच सांगून ठेवते. खंड दोघांना आहेत म्हणून गांडूळ आणि कीटक जवळचे असं जुनी पुस्तकं सांगतात. १९९७ मध्ये आरएनएच्या जनुकांवरून जो वंशवृक्ष काढला त्यात संधिपाद जाऊन बसले गोलकृमींच्या शेजारी, आणि बघा, दोघंही कात टाकतात. या गटाला एक्डायसोझोआ म्हणतात, आणि गांडुळाचा शेजार लागतो गोगलगाय-शिंपल्यांशी. नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) देणाऱ्यांनी एनसीईआरटीच्या पुस्तकात जे आहे तेच लिहावं, तिथे शहाणपणा करू नका, पण सीएसआयआर नेटच्या (संशोधन-प्राध्यापकीसाठीच्या परीक्षेच्या) तयारीला लागलात की हा वृक्ष यायलाच हवा.

करिअरचं विचाराल तर, टॅक्सॉनॉमीत (वर्गीकरणशास्त्रात) जागा कमी आहेत हे खोटं कशाला सांगू. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया (१९१६ पासूनची संस्था) मुख्य, तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. मुंबईत बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा) जुना संग्रह आहे. मायक्रोस्कोप आणि डीएनए दोन्ही यायला लागतं आता. वाघ-बिबट्यांच्या मागे आधीच रांग आहे, त्यापेक्षा कोळी, मुंग्या, गोगलगायी असा एखादा गट धरा आणि त्यात काम करणाऱ्यांना सरळ ईमेल करा, बहुतेक जण उत्तर देतात. फक्त फोटो पाठवताना वरून, खालून आणि बाजूने काढलेले, शेजारी पट्टी ठेवून, ठिकाण आणि तारखेसकट पाठवा. वरून काढलेला एकच ब्लर फोटो टाकून “सर हे काय आहे” विचारलंत तर ते तरी काय सांगणार?