तांबड्या मण्याचा माग: प्राचीन संस्कृतींचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

‘जगातल्या प्राचीन संस्कृतींचा अभ्यास करायचाय, सुरुवात कुठून करू?’ असं विचारणाऱ्या मुलांना मी एकच सांगते: एक वस्तू धरा आणि ती नेईल तिकडे जा. इजिप्त, सुमेर, चीन, माया असं ओळीनं वाचत गेलं की सनावळ्या डोक्यात राहत नाहीत, आणि या लोकांचा एकमेकांशी काही संबंध होता का, हेही कळत नाही. पुण्यात एम.ए. करताना मी कार्नेलियनचा तांबडा मणी धरला. तो अजून सुटलेला नाही.

कार्नेलियन हा अकीकाचाच प्रकार. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांमध्ये सिलिका साचून अकीक तयार होतो. गुजरातेत तो काढतात तेव्हा बऱ्याचदा पिवळट-तपकिरी असतो. मंद आचेवर तापवला की आतल्या लोहामुळे लाल होतो. हडप्पा संस्कृतीचे कारागीर साडेचार हजार वर्षांपूर्वी हेच करत होते, आणि खंबातला हे काम आजही चालतं. खरी कसोटी भोक पाडण्यात. बोटभर लांबीच्या मण्याला आरपार भोक पाडायला अतिशय कठीण दगडाचं बारीक गिरमिट वापरत. संशोधकांनी तसं करून पाहिलं, तर वेग पडला तासाला दोन-तीन मिलिमीटर. म्हणजे एका मण्यामागे कित्येक दिवसांची मेहनत. असा मणी भिंगाखाली धरा. भोकाच्या आत गोल रेघा दिसतील, आणि दोन्ही टोकांकडून पाडत आणलेली भोकं जिथे मिळतात तिथे बारीकशी पायरी. कारागिराचा हात इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच दिसतो.

आता माग काढा. सिंधू खोऱ्याच्या धाटणीचे मणी इराकमध्ये, उर या प्राचीन शहरातल्या राजेशाही थडग्यांत सापडतात. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उर खणलं. या थडग्यांच्या नंतरच्या काळातल्या, अक्कदच्या सारगॉन राजाच्या लेखात मेलुहा, मगन आणि दिलमुन इथली जहाजं आपल्या धक्क्याला लागल्याचा उल्लेख आहे. मगन म्हणजे ओमानकडचा भाग, दिलमुन म्हणजे बहारीन आणि आसपास, आणि मेलुहा म्हणजे सिंधू प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात शू-इलिशू नावाच्या माणसाची मुद्रा आहे. त्याचा व्यवसाय तिच्यावर कोरलाय: मेलुहाच्या भाषेचा दुभाषी. हडप्पाची लिपी आपल्याला अजून वाचता येत नाही, आणि ती भाषा समजणारा माणूस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, पोट भरत होता! या एका मुद्रेसाठी मी तिथल्या कीलाकार (क्यूनिफॉर्म) लिपीची ओळख करून घेतली.

नवख्यांची सर्वात जास्त गाळण उडते ती कालगणनेत. एका पुस्तकात बॅबिलोनचा राजा हम्मुराबीची कारकीर्द इ.स.पू. १७९२ ते १७५० दिसेल, दुसऱ्यात १७२८ ते १६८६. दोन्ही छापील, दोन्ही विद्वानांचे. झालंय असं, की त्याच्या घराण्यातल्या अम्मिसदुक राजाच्या काळातल्या शुक्राच्या उदयास्तांच्या नोंदी आपल्याकडे आहेत, पण त्या पुष्कळ नंतरच्या नकलांमधून. त्यात शुक्राची तीच स्थिती ठरावीक वर्षांनी पुन्हा येत असल्यामुळे या नोंदी एकाहून अधिक काळांत बसतात. म्हणून वहीत प्रत्येक सनापुढे ‘कशावरून?’ असा रकाना ठेवा: राजांची यादी, ग्रहांच्या नोंदी, मातीचा थर की कार्बन-१४ (जुन्या लाकूड-हाडांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायची पद्धत). कार्बन-१४ नेमकं साल देत नाही, अमुक ते अमुक असा पट्टा देतो, हेही पक्कं ध्यानात असू द्या. ही सवय लागली की आंतरजालावरच्या ‘दहा हजार वर्षं जुनं शहर’ छापाच्या बातम्या तुम्हाला आपोआप तपासता येतील.

वाचनाबरोबर हात मातीत घाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं रीतसर शिक्षण मिळतं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचं उत्खनन याच संस्थेनं १९६८ पासून बरीच वर्षं केलं. खापरं धुणं, त्यांवर क्रमांक घालणं, वर्गवारी करणं या कामांना कंटाळू नका. काठाचा तुकडा पाहून भांड्याचा आकार ओळखता येऊ लागला की उत्खननाचे अहवाल भराभर वाचता येतात. मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांसाठी ‘सीडीएलआय’ हा डिजिटल संग्रह विनामूल्य आहे.

नोकऱ्यांचं स्पष्ट सांगते: जागा कमी आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचं पुरातत्त्व खातं, संग्रहालयं आणि नेट परीक्षा देऊन अध्यापन, इतकेच मुख्य रस्ते. म्हणून इतिहासाच्या जोडीला एखादं कौशल्य शिकाच. प्राण्यांची हाडं ओळखणं, जळालेल्या धान्याचा अभ्यास, जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं तंत्र) किंवा वस्तूंचं रेखाटन, यातलं एक तरी. उत्खननाच्या तुकडीत अशा माणसाची गरज असतेच.

आणि मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले असिरियन (प्राचीन उत्तर इराकमधल्या राज्याचे) शिल्पपट आधी पाहून या. सोबत पेन्सिल आणि कोरी वही न्या. फोटो काढायच्या आधी एक आकृती स्वतः रेखाटा: दाढीचे कुरळे केस, मनगटातलं कडं, हातातली बादली. चित्र कसंही येवो, डोळा तयार होतो.