युरोपीय निवडणुका शिकवताना पक्ष मोजायचे कसे

तुलनात्मक युरोपीय राजकारणाच्या तासाला ‘ब्रिटनमध्ये द्विपक्ष पद्धत, जर्मनीत बहुपक्ष’ एवढं सांगून पुढे सरकू नका. निकाल हातात द्या आणि मुलांकडूनच पक्ष मोजून घ्या. लाक्सो आणि तागेपेरा या राज्यशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये मांडलेलं सूत्र त्याला पुरतं, साध्या कॅल्क्युलेटरवर जमतं.

प्रत्येक पक्षाच्या जागांना एकूण जागांनी भागा, येईल त्याचा वर्ग करा, सगळ्या वर्गांची बेरीज घ्या आणि १ला त्या बेरजेने भागा. ही पक्षांची ‘प्रभावी संख्या’, म्हणजे खरंच वजन असलेले पक्ष साधारण किती. वर्ग केल्यामुळे चिमुकल्या पक्षांचं वजन आपोआप घटतं.

सुरुवात जर्मनीच्या २०२५च्या निकालापासून करा. बुंडेस्टागच्या (जर्मन संसदेच्या) ६३० जागा, पक्षवार: सीडीयू १६४, सीएसयू ४४, एएफडी १५२, एसपीडी १२०, ग्रीन्स ८५, डी लिंके ६४, एसएसडब्ल्यू १. गोंधळ इथेच होतो. सीडीयू-सीएसयू एक धरले तर उत्तर ४.३१, वेगळे धरले तर ५.११! सीएसयू फक्त बव्हेरियात लढते, सीडीयू तिथे उमेदवारच देत नाही आणि संसदेत दोघांचा गट एकच असतो. म्हणून एकच धरणं आम्हाला योग्य वाटतं. दुसऱ्या कुणाच्या लेखातला आकडा जुळला नाही, तर आधी हे तपासा.

मग हेच मतांच्या टक्केवारीवर करा. जर्मनीत प्रत्येकाला दोन मतं असतात. पक्षाला दिलेलं दुसरं मत घ्यायचं, उमेदवाराचं पहिलं नाही. जागा मिळायला किमान पाच टक्के मतं लागतात, त्या अटीत अडकलेले पक्ष (बीएसडब्ल्यू हा पक्ष ४.९८ टक्क्यांवर राहिला) ‘इतर’ म्हणून एका ओळीत ढकलू नका. तसं केलं की सूत्र त्यांना साधारण १४ टक्क्यांचा एक मोठा पक्ष समजतं आणि ५.६च्या जागी ५.२ येतात.

ब्रिटनचा २०२४चा निकाल शेवटी द्या. लेबर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ६५०पैकी ४११ जागा, रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्क्यांवर ५. मतांवरून प्रभावी संख्या ४.८च्या आसपास, जागांवरून २.२. म्हणजे ‘द्विपक्ष’ आहे ती संसद, मतदार नव्हेत. सर्वाधिक मतं मिळवणारा निवडून येतो ही पद्धत आपल्या मुलांना विधानसभेमुळे ठाऊक असते, त्यामुळे कारण ती स्वतःच शोधतात. या चर्चेला अर्धा तास राखून ठेवा.

वहीत नुसता आकडा स्वीकारू नका. मतं की जागा, युती कशी धरली आणि ‘इतर’चं काय केलं, हे शेजारी लिहायला लावा.