स्टेशनबाहेर दिवसभर उभी सायकल: कुलूप जागेवर, चाक-सीट गायब. माझा अनुभव

लक्षण: सकाळी लोकल पकडताना लावलेली सायकल संध्याकाळी कुलपासकट जागेवर, पण पुढचं चाक किंवा सीट नाही. ते नवं घेण्याचा वैताग दोनदा झाला.

वाया गेलेले उपाय: तारेचं नंबरवालं कुलूप (तार साध्या कटरने तुटते) आणि फक्त मागच्या चाकाचं गोल कुलूप, जे लावूनही सायकल उचलून नेता येतेच.

जमलं ते या क्रमाने. आधी पुढच्या-मागच्या चाकांचे आणि सीटचे क्विक रिलीजचे (हाताने खटका उघडून सुटणारे) दांडे काढून ॲलन बोल्टवाले (षटकोनी खाचेचे, ॲलन की नावाच्या चावीनेच फिरणारे) बसवले. खरी गळती तिथेच होती. सीटच्या बोल्टच्या ५ मिमी खाचेत ३/१६ इंची स्टीलचा छर्रा (बेअरिंगमधली गोळी) ठेवून वर मेण ओतलं. ॲलन की आत जातच नाही. काढायचा झाला तर मेण खरवडून लोहचुंबक लावायचं.

मग १४ मिमी जाडीचं छोटं यू-लॉक (U आकाराच्या कडक दांड्याचं कुलूप): मागचं चाक, फ्रेम आणि जमिनीत गाडलेला लोखंडी पाइप, तिन्ही एकत्र. आत मोकळी जागा जितकी कमी, तितकं पहार घालणं अवघड. किल्लीचं भोक खाली, म्हणजे पावसाचं पाणी शिरत नाही. कुलूप जमिनीला टेकू देऊ नका, टेकलं की हातोड्याला आधार मिळतो. पुढच्या चाकातून तारेचा फास घेऊन त्याच यू-लॉकमध्ये अडकवला.

पाइप आधी हलवून बघा. नटबोल्टवर उभा असेल तर दुसरा शोधा. पेडलच्या धुरीखाली कोरलेल्या फ्रेम नंबरचा फोटो काढून ठेवा, तक्रार देताना तोच लागतो.