जुना पिकअप घेताय? आधी टेप लावून उंची मोजा

कोकणात विकायला काढलेला पिकअप मागून जरा जास्तच उंच दिसतो. जांभ्याचे चिरे वाहायचे म्हणून मागे जादा पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, घातलेले असतात. काही जण नुसत्या हौसेपोटी गाडी उचलून घेतात. विचारलंत तर उत्तर ठरलेलं, "पयल्यापासून अशीच आसा." म्हणून टेप, टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊनच जा.

पहिली अडचण जागेची. आपल्याकडे सपाट अंगण मिळणं कठीण आणि उतारावरचं माप फसवं. पेट्रोल पंपाचं काँक्रीट किंवा वजनकाट्याजवळची जागा बघा. हौदा रिकामा करा, डाव्या-उजव्या टायरांत हवा सारखी भरा, टायरांवरचे साइजचे आकडे जुळतात का पाहा.

आता चाकाच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलंत तर टायरची झीजही मापात येते. मागे मडगार्डची कड धड नसेल तर हाऊसिंगपासून (मागच्या अॅक्सलचं लोखंडी कवच) चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, खालच्या कडेपर्यंत मोजा. गाडी चार हात पुढे-मागे करून मापं पुन्हा घ्या. दोन बाजूंत सेंटिमीटरभर फरक मी मनावर घेत नाही. अडीच-तीन सेंटिमीटर दिसला, तर एका बाजूचा पाटा तुटला किंवा बसला असण्याची शक्यता मोठी.

दोन्ही बाजू सारख्याच उचलल्या असतील तर एवढ्याने कळणार नाही. त्यासाठी त्याच मॉडेलची, हात न लावलेली रिकामी गाडी गाठून तिची मापं घ्या. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर पिकअप शोधत फिरावं लागत नाही.

मग गाडीखाली शिरा. दोन्हीकडचे पाटे मोजा. एखादाच पाटा नवाकोरा रंगवलेला आहे का? हाऊसिंग आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा आहे का, पाटे हाऊसिंगला आवळणारे यू-बोल्ट वाजवीपेक्षा लांब आहेत का? पुढे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असेल तर नुसता बोल्ट पिळूनही पुढचा भाग उचलता येतो. त्या बोल्टावर ताज्या पान्याच्या खुणा शोधा. मासळीच्या गाडीत बर्फाचं खारं पाणी सतत खाली ठिबकतं, त्यामुळे शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) आणि चेसिसवरची ब्रॅकेट हातोडीने ठोकून बघाच. गंजाचे पापुद्रे निघाले तर उंचीचा विचार नंतर.

बहुतेक लोक विसरतात ती गोष्ट ब्रेकची. बऱ्याच पिकअपना मागे हाऊसिंगपासून चेसिसवरच्या व्हॉल्व्हपर्यंत एक दांडी जाते. भाराने हौदा खाली बसला की ती दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जादा दाब मिळतो. पाटे वाढवून गाडी उचलली आणि दांडी नव्याने लावून घेतली नाही, तर भरलेली गाडीही व्हॉल्व्हला हलकी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. कुंभार्ली किंवा फोंडा घाट उतरताना मग सगळा ताण पुढच्या ब्रेकवर. दांडी वाकवलेली, तारेने बांधलेली किंवा काढून टाकलेली दिसली, तर ती नीट करून घेतल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका. मागचा ब्रेक होज, म्हणजे ब्रेक ऑइलचा रबरी पाइपही ताणलेला नसावा.

पुढची चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतरही दोन्ही बाजूंनी मोजा. फरक आला तर पाटे मधोमध धरणारा सेंटर बोल्ट तुटून हाऊसिंग सरकलेलं असू शकतं. चालवताना वेग घेतल्यावर खालून थरथर जाणवली, तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) कोन आणि त्याच्या सांध्यातला जॉइंट क्रॉस मिस्त्रीला तपासायला सांगा.

कागदांचं थोडक्यात. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात मनाजोगे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच बजावलं. पाटे कितीही घाला, आरसीवरची एकूण वजनाची मर्यादा तेवढीच राहते. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी करावं लागतं, तेव्हा प्रमाणपत्राची तारीख बघून घ्या.

गाडी पसंत पडलीच तर टोकन देण्याआधी पाटेवाल्या मिस्त्रीकडे न्या. मूळ पाटे बसवायला किती लागतील ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.